व्हॅन डी ग्राफचा गोल चार्ज धरत नाही: दोष कुठे शोधायचा, आणि ‘आत शून्य’ दाखवताना काय बिघडतं

व्हॅन डी ग्राफ म्हणजे फिरत्या बेल्टने धातूच्या गोलावर चार्ज चढवणारं मशीन. त्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. डिसेंबरात मशीन चार-पाच सेंमीची ठिणगी आरामात देत होतं. जुलैत मोटर फिरते, बेल्ट फिरतो, पण गोल ढिम्म. मग मोटर बदलून होते, गोल घासून लख्ख होतो, तरी फरक पडत नाही. ऑक्टोबर उजाडला की मशीन आपोआप सुरू होतं आणि सगळे विसरून जातात. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

दुसरी तक्रार प्रयोगाची. मशीन चालतंय, पण ‘वाहक गोलाच्या आत विद्युत क्षेत्र शून्य’ हे दाखवायला जावं तर आतही चार्ज सापडतो, किंवा आत-बाहेर दोन्हीकडे विद्युतदर्शीचं (चार्ज मिळाला की पानं फाकणाऱ्या उपकरणाचं) पान हलत नाही. हिचा इलाज वेगळा आहे, तो शेवटच्या भागात.

खालची सगळी मापं शाळा-कॉलेजात दिसणाऱ्या टेबलावरच्या मशीनची आहेत: २० सेंमी व्यासाचा पोकळ धातूचा गोल, ४ सेंमी रुंद रबरी बेल्ट, ३ सेंमी व्यासाचे रोलर, मिनिटाला ३००० फेऱ्यांची मोटर. रचना अशी: गोल इन्सुलेटरच्या खांबावर बसतो, बेल्ट खालच्या आणि वरच्या रोलरवर फिरतो. अर्थिंगला जोडलेली टोकदार धातूची खालची फणी बेल्टवर चार्ज सोडते, वरची फणी तो उचलून गोलाला देते.

आधी हिशोब, मग स्क्रू ड्रायव्हर

गोलावर किती विभव (व्होल्टेज) चढणार हे मोटरच्या ताकदीवर ठरत नाही. बेल्ट एका बाजूने चार्ज आणून ओततो, दुसऱ्या बाजूने तो गळतो, आणि आवक-जावक सारखी झाली की विभव तिथेच थांबतं. मग दोषही दोनच प्रकारचे: आवक कमी, नाहीतर गळती जास्त. हे दोन वेगळे न करता दुरुस्तीला हात घातला की नको तो भाग उघडला जातो.

आवक किती असावी? ३ सेंमीचा रोलर मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो म्हणजे बेल्टचा वेग सेकंदाला ४.७ मीटर. बेल्टच्या पृष्ठभागावर किती चार्ज बसू शकतो यालाही हवेचीच मर्यादा आहे, चौरस मीटरला साधारण ५० मायक्रोकूलोम. त्या हिशोबाने ४ सेंमी रुंद बेल्ट जास्तीत जास्त १० मायक्रोअँपिअर देईल. प्रत्यक्षात त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी मशीन निरोगी समजावं. म्हणजे ३ मायक्रोअँपिअर धरू.

आता गोल. १० सेंमी त्रिज्येच्या एकट्या गोलाची धारकता (दर व्होल्टला किती चार्ज मावतो ते) सुमारे ११ पिकोफॅरड. पृष्ठभागावरचं क्षेत्र म्हणजे विभव भागिले त्रिज्या. कोरडी हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टवर फुटते, म्हणून या गोलाची कमाल मर्यादा ३ लाख व्होल्ट आणि तेव्हा त्यावरचा चार्ज ३.३ मायक्रोकूलोम. खालचं भोक, सांधे, धूळ यांमुळे प्रत्यक्षात दीड-दोन लाखांवर गाडी अडते, आणि तेवढंही पुरेसं आहे.

दीड लाख व्होल्टला ३ मायक्रोअँपिअरने भागा: ५० अब्ज ओहम. गळतीचा एकूण रोध याहून कमी झाला की दीड लाख गाठणं अशक्य, मग बेल्ट कितीही नवा असो. साधं मल्टिमीटर २० मेगाओहमपर्यंत मोजतं; आपल्याला लागणारा रोध त्याच्या २५०० पट आहे. तेव्हा ‘मीटर लावून पाहिलं, खांबात काही गळती नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही.

पहिली चाचणी: शॉर्ट करून करंट मोजा

ही एकच चाचणी निम्मं काम करते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

मोटर बंद. डिस्चार्ज दांडा गोलाला दोन-तीनदा लावा. बेल्टवर उरलेला चार्ज गोलाला थोडा थोडा परत भरत असतो, म्हणून एकदा लावून भागत नाही. गोल उतरवा. वरच्या फणीच्या स्क्रूला क्रोकोडाइल क्लिपने वायर घट्ट पकडवा, ती मल्टिमीटरच्या २०० मायक्रोअँपिअर रेंजला जोडा आणि मीटरचं दुसरं टोक खालच्या फणीच्या अर्थिंगला. मीटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावला तर आकडा कमी नाचतो. मगच मोटर सुरू करा आणि ती पूर्ण थांबेपर्यंत वायरला हात लावू नका. मधेच क्लिप निसटली तर ठिणगी मीटरमधून जाईल.

आकडा २ ते ५ मायक्रोअँपिअर आला तर आवक ठीक आहे. रोलर, बेल्ट, फण्या यांना हात न लावता गळतीकडे वळा. ०.५ च्या खाली असेल तर दोष आवकेत. सुरुवातीला ०.८ दाखवून दहा मिनिटांत चढत ३ वर गेला तर ओल आहे आणि चालून चालून वाळते आहे, तोडमोड काही नाही. चिन्हाकडेही लक्ष द्या: रोलर बदलल्यावर ते उलटू शकतं, आणि ते बिघाडाचं लक्षण नाही.

दुसरी चाचणी: फटीचं अंतर

गोल परत बसवा. अर्थिंगला जोडलेला डिस्चार्ज गोळा २ सेंमीवर धरा. एवढ्या फटीला साधारण ६० हजार व्होल्ट लागतात, म्हणजे गोलावर ०.६६ मायक्रोकूलोम. आवक ३ मायक्रोअँपिअर असेल तर दर ०.२२ सेकंदाला ठिणगी, म्हणजे सेकंदाला चार-पाच. आता फट ४ सेंमी करा. ठिणग्या संथ पण नियमित पडल्या पाहिजेत. २ सेंमीला तडतड आणि ४ सेंमीला एकदम शुकशुकाट असेल तर विभव ६० हजार आणि सव्वा लाखाच्या मधे कुठेतरी अडलंय. ३ मायक्रोअँपिअरने भागलं की गळतीचा रोध २० ते ४० अब्ज ओहम निघतो. ज्या रोधाला कुठलंही साधं मीटर पोचत नाही तो असा दोन अंतरांवरून हाती येतो.

ठिणगी मोजताना गोळ्याचा हात गोलापासून लांब, दुसरा हात खिशात. १५० हजार व्होल्टला या गोलात सुमारे ०.१२ जूल ऊर्जा असते: झटका जोरात बसतो, निरोगी माणसाला सहसा इजा होत नाही. पेसमेकर असलेल्यांनी खोलीतच थांबू नये. लेडन जार किंवा कुठलाही जादा कपॅसिटर गोलाला जोडू नका, तिथे हा हिशोब पार बदलतो.

आवक कमी असेल तर

खालच्या फणीपासून सुरुवात करा. फणी बेल्टला टेकलेली नको आणि फार लांबही नको. २ मिमी अंतर चांगलं. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, तशी तीन कार्डं फटीत सरकली की बस. टोकं रोलरच्या बरोबर समोर, जिथे बेल्ट रोलरला चिकटून वळतो तिथे हवीत; बोटभर वर-खाली सरकली तरी करंट निम्मा होतो. टोकांवर बेल्टचा भुगा आणि कापसाचे तंतू साठतात. जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडा.

मग अर्थिंग. खालची फणी आणि मशीनच्या प्लगची मोठी पिन यांच्यात मीटर एक ओहमच्या आसपास दाखवायला हवं. ते दाखवलं म्हणजे काम झालं असं नाही. बऱ्याच जुन्या प्रयोगशाळांत सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे वायरच नसते. तसं असेल तर फणी अधांतरी राहते, तिच्यावर उलटा चार्ज साठतो, आवक कमी होते आणि वर मशीनच्या बैठकीला हात लावला की चटका बसतो. बैठकीतून शॉक बसतो ही तक्रार आली की आधी सॉकेट वायरमनकडून तपासून घ्या.

रोलर. दोन्ही रोलर एकाच पदार्थाचे असतील तर मशीन चालणार नाही किंवा कसंबसं चालेल. खालचा रोलर नायलॉनचा आणि बेल्ट रबरी असेल तर रोलर धन होतो, फणी बेल्टवर ऋण चार्ज सोडते आणि गोल ऋण होतो. टेफ्लॉनचा रोलर असेल तर सगळं उलट, गोल धन. नेमकी बाजू महत्त्वाची नाही, वरचा रोलर खालच्याहून वेगळ्या जातीचा असणं महत्त्वाचं. दुरुस्तीत हाताला येईल तो रोलर बसवला की इथेच घोळ होतो.

बेल्टच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे: काळा रबर वापरू नका. काळेपणा कार्बनच्या भुकटीने येतो आणि ती चार्ज वाहून नेते. शिलाई मशीनचा किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा कापून बसवलेला बेल्ट दिसायला मजबूत असतो, चार्ज मात्र धरत नाही. फिक्या रंगाचं लॅटेक्स शीट, व्यायामाच्या रबरी पट्ट्यांसाठी मिळतं तसं, चांगलं चालतं. ४ सेंमी रुंद पट्टी धारदार ब्लेडने एका दमात कापा, टोकं ४५ अंशांत तिरकी करा, १० ते १५ मिमी एकावर एक घ्या. दोन्ही बाजू बारीक सँडपेपरने खरवडून सायकल पंक्चरचं सोल्युशन पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सरळ आडवा जोड दर फेरीला रोलरवर धपकन आपटतो, तिरका आपटत नाही. कात्रीने कापलेली कड दातेरी होते आणि तिथूनच बेल्ट फाटायला लागतो.

जुना बेल्ट आणि नायलॉन किंवा टेफ्लॉनचे रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, नंतर उघड्या बोटांनी धरू नका. पावडर मारायचा सल्ला सर्रास ऐकू येतो. सुगंधी टाल्कममध्ये काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. एक दिवस बेल्ट गुळगुळीत चालतो आणि मग फण्यांची टोकं बुजतात. नकोच ती.

वरची फणी आणि गोल यांचा विद्युत संपर्क तपासण्यात लोक फार वेळ घालवतात. संपर्क असावा हे खरंच, पण एखाद्या मिलिमीटरची फट राहिली तर चार्ज ती उडी मारून पार करतो. आतून रंग किंवा अॅनोडायझिंग असेल तर टेकण्याची जागा खरवडा आणि पुढे चला.

गळती जास्त असेल तर: आधी ऐका

खोलीत अंधार करा, पंखा बंद, डोळे दहा मिनिटं सरावू द्या, मशीन चालू करा. सूं-सूं आवाज, ओझोनचा वास, कुठेतरी जांभळट ठिपका दिसला तर गळती हवेतून आहे, एखाद्या टोकावरून. काहीच ऐकू येत नाही, दिसत नाही आणि तरी विभव चढत नाही, तर गळती पृष्ठभागावरून, म्हणजे खांब किंवा बेल्ट ओला वा मळका आहे. पावसाळ्यातलं दुखणं दहातल्या नऊ वेळा हे दुसरं.

दमट हवा वीज वाहून नेते म्हणून चार्ज जातो, असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. पाण्याच्या वाफेने हवेची सहनशक्ती घटत नाही, उलट किंचित वाढते. खरा चोर म्हणजे खांबाच्या पृष्ठभागावर बसणारा पाण्याचा अदृश्य थर. त्यात बोटांच्या घामाचं मीठ विरघळलं की चांगला वाहक तयार. म्हणून खोलीतली सगळी हवा कोरडी करायची गरजच नाही, मशीनचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थोडा गरम ठेवला की पुरतं.

आकडे बघा. कोकणातल्या जुलैची हवा, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. तीच हवा खांबालगत ४० अंशांपर्यंत तापली की तिथली सापेक्ष आर्द्रता ४९ टक्क्यांवर येते, ४५ अंशांना ३८ टक्क्यांवर. म्हणजे दहा अंशांची ऊब काम करते. प्रयोगाच्या दोन तास आधी मशीन लाकडी पेटीत किंवा कपाटात ठेवून आत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी बल्ब तेवढी उष्णता देत नाही. घाई असेल तर हेअर ड्रायर, २० सेंमीवरून, सतत हलवत, खांबाला पाच मिनिटं आणि बेल्ट हाताने फिरवत आणखी पाच. एकाच जागी रोखून धरलात तर पीव्हीसीचा खांब वाकतो.

एसी प्रयोगशाळेचा एक सापळा आहे. मशीन रात्रभर २४ अंशांच्या खोलीत होतं आणि सकाळी उघड्या हॉलमध्ये आणलं. बाहेरच्या त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली दव पडतं तो) सुमारे २७ अंश. म्हणजे मशीनवर सरळ दव पडतं, थंड बाटलीवर पडतं तसं, फक्त खांबावर ते दिसत नाही. अशा वेळी ‘कालच तर चालत होतं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मशीन हॉलच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, मग ऊब द्या.

ऊब देऊनही फरक नाही तर खांब धुवा. अॅक्रिलिकला अल्कोहोल, थिनर, पेट्रोल काहीही लावायचं नाही. बारीक जाळीदार भेगा पडतात आणि त्यांत ओल कायमची घर करते. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळणं. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे ठेवतं, म्हणून शेवट त्याने करू नका.

खांब खरंच बरा झाला का हे सुवर्णपत्र विद्युतदर्शीने कळतं. घासलेल्या पीव्हीसी पाइपने विद्युतदर्शी चार्ज करा, पानं फाकू द्या. खांबाचं एक टोक हातात धरून दुसरं टोक चकतीला टेकवा. विद्युतदर्शीची धारकता साधारण १० पिकोफॅरड धरली तर पानं पाच सेकंदांत मिटू लागली म्हणजे रोध ५०० अब्ज ओहमच्या घरात, उत्तम. अर्ध्या सेकंदात मिटली तर ५० अब्ज, काठावर. टेकताक्षणीच मिटली तर अजून धुवा. बेल्टची पट्टीही याच रीतीने तपासता येते.

सूं-सूं ऐकू येत असेल तर

इथे बाहेरच्या क्षेत्राचं गणित उपयोगी पडतं. वाहकाच्या पृष्ठभागावर वक्रता जिथे जास्त, तिथे क्षेत्र जास्त. १० सेंमी त्रिज्येचा गुळगुळीत गोल दीड लाख व्होल्टला मीटरमागे १५ लाखांवर असतो, म्हणजे हवेच्या मर्यादेच्या निम्म्यावर. पण त्याच गोलाला चिकटलेला एक कापसाचा तंतू, स्क्रूचं डोकं, पत्र्याची उचललेली कड यांच्या टोकाशी तेच क्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं आणि हवा तिथेच फुटते. सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण हास्यास्पद आहे: आधीच्या तासाला विद्युत वाऱ्याचं चक्र (टोकांवरून सुटणाऱ्या चार्जने फिरणारी भिंगरी) दाखवलेलं असतं आणि त्याची टाचणी गोलाच्या माथ्यावरच राहिलेली असते. ती काढा. केसांच्या प्रयोगाची चिकटपट्टी, तिचा डिंक, पॉलिशचा उरलेला चिकटपणा, सगळं साफ करा आणि शेवटी कोरडं मऊ फडकं फिरवा.

गोलाच्या खालच्या भोकाची कड आत वळवलेली असावी. ती सरळ कापलेली असेल तर जांभळी कडा अंधारात तिथेच दिसते. आतल्या बाजूला गोल वळवून घ्या किंवा कडेवर धातूची गुळगुळीत रिंग बसवा. गोलाला पोचा पडलाय म्हणून नवा घ्यायची गरज नसते. आत गेलेल्या खोलगट भागात क्षेत्र उलट कमी होतं, प्रश्न फक्त त्याच्या काठावरच्या टोकदार घडीचा.

भोवतालही बघा. बाहेरचं क्षेत्र म्हणजे विभव गुणिले त्रिज्या भागिले केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग. दीड लाखाला ५० सेंमीवर मीटरमागे ६० हजार व्होल्ट, एक मीटरवर १५ हजार. लोखंडी कपाटाचा कोपरा, टेबललॅम्प, पंख्याचं पातं अर्ध्या मीटरवर असेल तर ते स्वतःच टोक बनून गोलाचा चार्ज ओढून घेतं. चहूबाजूंनी किमान एक मीटर मोकळा ठेवा, मोबाइल आणि संगणक तीन मीटर लांब.

हवेची ही मर्यादा ओलांडायची असेल तर दोनच वाटा: गोल मोठा करा किंवा हवा बदला. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ मध्ये प्रिन्स्टनला छोटं मशीन केलं आणि १९३३ पर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या राउंड हिलला १५ फूट व्यासाचे गोल उभे राहिले, २.३ मीटर त्रिज्येला तीस लाखांनी गुणलं तर ६९ लाख व्होल्ट. ते यंत्र आता बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. दुसरी वाट मुंबईत दिसते: कुलाब्याला टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून चालणारा १४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन हा कणत्वरक दाबाखालच्या सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत बसवलाय आणि त्यात रबरी बेल्टऐवजी धातूच्या नळकांड्यांची साखळी चार्ज वाहते. कॉलेजच्या मशीनला यातलं काही लागू नाही, पण ‘मोठी मोटर लावली तर मोठी ठिणगी येईल का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगायला बरं पडतं.

‘आत शून्य’ का दिसत नाही

सर्वात मोठी चूक जागेची. चालू मशीनच्या गोलात चाचणी चकती (इन्सुलेटर दांडीवरची छोटी धातूची चकती) घालून आतलं क्षेत्र शून्य आहे असं दाखवता येणार नाही, कारण ते तिथे शून्य नसतंच. पोकळी रिकामी असेल तरच नियम लागू. इथे आत चार्ज घेऊन येणारा बेल्ट आहे, रोलर आहे, फणीची टोकं आहेत. बेल्टवरच्या चार्जचं क्षेत्र आत असतंच, म्हणून तर फणी तो उचलू शकते. फणीने उचललेला चार्ज मात्र बाहेरच्या पृष्ठभागावर निघून जातो आणि आतल्या पुढच्या चार्जला अडवत नाही. मशीनची सगळी करामत एवढीच. राउंड हिलच्या गोलांमध्ये माणसांना बसून प्रयोग करता यावेत अशी सोय होती, तीही याच आधारावर. आत विभव मात्र शून्य नसतं, पृष्ठभागाइतकंच असतं. हा गोंधळ परीक्षेत नेहमी होतो.

प्रयोगासाठी वेगळा पोकळ गोल घ्या: २० सेंमी व्यास, वर ४ सेंमीचं भोक, टेफ्लॉन किंवा पॉलिथिनच्या स्टँडवर. त्याला व्हॅन डी ग्राफने चार्ज करू नका, कारण किती चढलं, किती गळलं याचा पत्ता लागत नाही. प्रयोगशाळेतला ईएचटी (हजारो व्होल्ट देणारा) सप्लाय ५ हजार व्होल्टवर ठेवून ५० मेगाओहमच्या रोधातून गोलाला जोडा आणि जोडलेलाच ठेवा. मग स्टँडमधून थोडी गळती असली तरी विभव हलत नाही.

आता ‘बाहेरही काही दिसत नाही’ ही तक्रार. २ सेंमी व्यासाची चकती बाहेरून टेकवली तर ती ०.१४ नॅनोकूलोम उचलते. १० पिकोफॅरडच्या विद्युतदर्शीला ते दिलं की जेमतेम १४ व्होल्ट. पान हलायला काही शे व्होल्ट लागतात. विद्युतदर्शी बिघडलेला नाही, आपण त्याच्याकडून अशक्य गोष्ट मागतोय.

उपाय स्वस्त आहे. सीए ३१४० हा ऑप अँप (अँप्लिफायरची चिप) व्होल्टेज फॉलोअर म्हणून, म्हणजे इनपुटचं व्होल्टेज जसंच्या तसं मीटरला दाखवायला, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. इनपुट आणि ग्राउंडमध्ये १ नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर, समांतर एक पुश बटण शून्य करायला, इनपुटच्या पिनआधी १०० किलोओहम. कपॅसिटरचं वरचं टोक पत्र्याच्या खोल डब्याला, डबा पॉलिथिनच्या ठोकळ्यावर. ०.१४ नॅनोकूलोमला १४० मिलिव्होल्ट दिसतील. ऑप अँपच्या इनपुट करंटमुळे आकडा सेकंदाला सुमारे १० मिलिव्होल्ट सरकू शकतो, म्हणून बटण सोडून दोन-तीन सेकंदांत वाचा. चकती डब्याच्या तळाशी आतून टेकवा, काठाला नाही. आतून टेकवली की तिचा जवळजवळ सगळा चार्ज डब्याच्या बाहेरच्या बाजूला जातो, आणि हीसुद्धा त्याच नियमाची साक्ष.

आतलं मोजताना चकती भोकाच्या कडेला घासली तर प्रयोग फसला, डबा शून्य करून पुन्हा. भोकाजवळ बाहेरचं क्षेत्र आत डोकावतं. भोकाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ सेंमी तरी खोल जा, नाहीतर सरळ समोरच्या भिंतीला टेका. तरी आकडा येत असेल तर चकतीची दांडी तपासा. अॅक्रिलिकची दांडी कोरड्या फडक्याने पुसली की तीच चार्ज होते आणि चकती कुठेही न टेकवता डब्यात नुसती घातली तरी आकडा दिसतो. दांडी तोंडाच्या वाफेवर धरा, चार्ज उतरेल, मग दोन मिनिटं वाळू द्या.

बाहेर अंतराच्या वर्गाने क्षेत्र घटतं हे दाखवायला ६ सेंमीच्या दोन चकत्या लागतात. त्या एकमेकींना चिकटवून, तोंड गोलाकडे करून, हव्या त्या अंतरावर धरा आणि तिथेच एकमेकींपासून अलग करा. एकीवर धन, दुसरीवर ऋण चार्ज अडकतो. दोन्ही आकडे सारखे आणि विरुद्ध यायला हवेत. न आल्यास पुन्हा दांडीच दोषी. केंद्रापासून २०, ३० आणि ५० सेंमीला सुमारे ३१०, १४० आणि ५० मिलिव्होल्ट मिळतात. अंतर गोलाच्या कातडीपासून मोजलं तर तेच बिंदू १०, २०, ४० ठरतात आणि आलेख वर्गाच्या नियमाशी जुळत नाही. वह्यांमधल्या निम्म्या चुका इथल्या.

५० सेंमीचा आकडा कमी आला तर टेबलाकडे पाहा. लाकडी टेबलही इतक्या कमी करंटच्या हिशोबात अर्थिंगच समजायचं. गोलाचं केंद्र त्याच्या वर ५० सेंमीवर असेल तर ५० सेंमी अंतरावरचं आडवं क्षेत्र सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरतं, ३० सेंमीवर २ ते ३ टक्क्यांनी. गोल जितका उंच तितकं बरं. स्वतः चकत्यांच्या मागे उभे न राहता बाजूला राहा, दांड्या ३० सेंमीच्या तरी घ्या. ईएचटीची वायर बारीक हवी आणि ती ज्या बाजूला मोजताय त्याच्या उलट बाजूने आणा, कारण तिच्यावरही ५ हजार व्होल्टच असतात आणि तिचं क्षेत्र वर्गाने घटत नाही.